नेपथ्य अभ्यासक्रमासाठी लागणारी खरी जागा

माणूस चार भिंतींत राहतो आणि त्यांतली एक भिंत काढली की तो पाहण्यासारखा होतो. ही गोष्ट जगाला पूर्वीपासून ठाऊक आहे. परंतु ती आपल्याला ठाऊक असल्याचा दाखला हवा असेल, तर विद्यापीठात तीन वर्षे काढावी लागतात. या शिक्षणाला नेपथ्याचा अभ्यासक्रम म्हणतात. (अलीकडे तसे म्हणत नाहीत. त्याचा खुलासा पुढे केला आहे.)

खारूला हे शिक्षण घ्यायचे होते. खारू हे तिचे शाळेतले नाव नव्हे. पुठ्ठ्याची खोकी गोळा करून पलंगाखाली साठवायची तिला लहानपणापासून सवय. त्यावरून घरात हे नाव पडले आणि इतके रुळले की खरे नाव सांगायची वेळ आली की आईसुद्धा क्षणभर थांबे. त्या खोक्यांतून खारूने आजवर बंगले, तुरुंग, एक न्यायालय, एक बोट आणि आईच्या मते घरातली सगळी झुरळे निर्माण केली होती.

तिचे बाबा फर्निचरच्या एका मोठ्या शोरूममध्ये मॅनेजर होते. अशा शोरूममध्ये गिऱ्हाइकाला नुसते पलंग आणि कपाट दाखवत नाहीत, आख्खी खोली मांडून दाखवतात. खोलीला तीन भिंती असतात. टीव्ही पुठ्ठ्याचा असतो, कपाटातली पुस्तके आतून पोकळ असतात, टेबलावरची सफरचंदे प्लास्टिकची असतात. खिडकीमागे ट्यूबलाइट लावलेली असते. त्यामुळे तिथला सूर्य दुकान उघडल्यावर उगवतो आणि दुकान बंद करताना बाबा तो बटण दाबून मावळवतात. अशा खोल्या मांडण्यात बाबांचा हात धरणारे कुणी नव्हते.

मुलीच्या निवडीबद्दल मात्र त्यांना शंका होती. "खोट्या खोल्या मांडून कुणाचं पोट भरलंय का?" असे ते सफरचंदे फडक्याने पुसता पुसता विचारत. (प्रश्न कामाच्या वेळेत विचारलेला असल्यामुळे त्याचाही पगार त्यांना मिळत असे.)

बाबा वाईट नव्हते. फक्त भावना व्यक्त करणे त्यांच्या खात्यात येत नव्हते. सोफ्याविषयी ते हळवेपणाने बोलू शकत, गादीविषयी बोलताना त्यांचा आवाज खाली येई, पण माणसांच्या बाबतीत सगळे आटोपशीर असे. शाळेच्या नाटकात खारूने एकटीने उभा केलेला सेट ते खास रजा काढून पाहायला गेले होते. पडदा पडल्यावर रंगमंचावर चढले, एक दरवाजा हलवून पाहिला आणि म्हणाले, "सांधे पक्के आहेत." या एका वाक्यावर खारूने पुढची दोन वर्षे काढली. बापाकडून आणखी एखादे वाक्य मिळावे अशी तिची फार इच्छा होती. पण ते काही मागून घ्यायच्या वस्तूंपैकी नव्हते.

अर्ज करण्याआधी विद्यापीठ निवडावे लागते. खारूने तीन विद्यापीठांची माहितीपत्रके मागवली. तिन्हींच्या मुखपृष्ठावर केसांत पेन्सिल खोचलेली एक मुलगी पुठ्ठ्याच्या छोट्या रंगमंचाकडे पाहून हसत होती. मुलगी प्रत्येक ठिकाणी वेगळी असावी. पेन्सिल मात्र तीच होती, असे आईचे मत पडले.

अभ्यासक्रमाची नावे पुढीलप्रमाणे होती: पहिल्या ठिकाणी 'दृश्यावकाश', दुसऱ्या ठिकाणी 'अवकाशीय कथन' आणि तिसऱ्या ठिकाणी 'प्रयोगजन्य पर्यावरण'. नेपथ्य हा शब्द कुठेही नव्हता. तो वापरला असता तर आत काय शिकवतात हे बाहेरच्याला कळले असते, आणि जे बाहेरच्याला कळते त्याच्यासाठी आत येणार कोण? ही काळजी घेतल्याबद्दल विद्यापीठांचे कौतुकच करायला हवे.

पदवीनंतरच्या संधींची यादीही होती. नाटक, चित्रपट, प्रदर्शने, दुकानांच्या दर्शनी खिडक्या, 'आणि आज अस्तित्वात नसलेले अनेक व्यवसाय'.

"शेवटच्यातच जास्त जागा दिसताहेत," आई म्हणाली. ती दातांच्या दवाखान्यात पेशंटना नंबर देण्याचे काम करत असे. कळवळणाऱ्या माणसांशी कोरडेपणाने बोलण्याचा तिला सराव होता.

तिसऱ्या विद्यापीठाने आपल्या पत्रकात आकडेवारीही दिली होती. शंभरातल्या ब्याण्णव विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाबद्दल पूर्ण समाधान व्यक्त केले होते. (उरलेले आठ पाहणीच्या दिवशी शिडीवर होते.) बाबांना आकडे आवडत. तिसरे विद्यापीठ पाहायला जायचे ठरले.

बापलेक गेले त्या दिवशी विद्यापीठात इच्छुकांना आत सोडत होते. विभागातले सगळे जण काळ्या कपड्यांत होते. अंधारात सेट बदलताना प्रेक्षकांना दिसू नये म्हणून या व्यवसायात काळे कपडे घालतात. विभागप्रमुखांनी शेवटचा सेट फार पूर्वी बदलला होता, तरी कपडे त्यांनी चालू ठेवले होते.

"आम्ही इथं भिंत उभी करायला शिकवत नाही," विभागप्रमुख म्हणाले, "आम्ही भिंतीला प्रश्न विचारायला शिकवतो."

बाबांनी हात वर केला. "मग उभी कोण करतं?"

"त्याला सुतार आहेत."

"आणि भिंत उत्तर देते का?"

"तो तिसऱ्या वर्षाचा विषय आहे."

खारूने बाबांची बाही ओढली आणि त्यांना बाहेर काढले. बाहेर म्हणजे मागच्या कार्यशाळेत. तिथे रंगाचा आणि सरसाचा वास कोंडला होता. मधोमध एक अर्धवट जिना उभा होता, तो कुठेच जात नव्हता, आणि त्याच्या सर्वांत वरच्या पायरीवर बसून एक विद्यार्थिनी डबा खात होती. खारू तोंड उघडे ठेवून त्या जिन्याकडे बघत राहिली. माहितीपत्रकातले एक अक्षरही तिला आता आठवत नव्हते. तिला फक्त त्या पायरीवर बसायचे होते.

"इथंच," ती म्हणाली.

"बघू," बाबा म्हणाले. या शब्दाचा अर्थ त्यांच्या घरात कुणालाच आजवर नक्की लागला नव्हता.

अर्जासोबत उमेदवाराने आपली कामे पाठवायची होती. पण नुसती चांगली कामे पाठवून भागत नव्हते. 'आम्हाला फलितापेक्षा प्रक्रियेत रस आहे. आपली अपयशे आवर्जून दाखवा,' अशी सूचना जाड ठशात छापली होती. ज्याला सगळे जमते त्याला शिकवून विद्यापीठाची काय शोभा वाढणार, हा विचार त्यामागे असावा, आणि तो बिनतोड आहे.

खारूची पंचाईत अशी, की तिने केलेली नाटकाच्या सेटची प्रतिकृती पहिल्याच खेपेला नीट उभी राहिली होती. अपयश म्हणून दाखवायला घरात काही नव्हते. तेव्हा यशाच्या आधीची अपयशे यशानंतर तयार करण्याचे काम सगळ्या कुटुंबाने अंगावर घेतले. बाबांनी वाकडी भिंत करण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. पण हाताला वळण पडलेले, भिंत दर वेळी काटकोनात येई. आईने केलेला जिना मात्र एका फटक्यात अपयशी झाला. तो पहिल्या पानावर लागला. त्याखाली खारूने 'इथे मी स्वतःला हरवले' असे लिहिले.

हे वाक्य मामांनी सुचवले होते. मामांना सगळ्या क्षेत्रांतली आतली माहिती असते. ते स्वतः कोणत्याच क्षेत्रात नसल्यामुळे त्यांना ती निःपक्षपातीपणे देता येते. त्यांचे वाक्य लागू पडले. खारूला मुलाखतीसाठी निवडल्याचे कळवण्यात आले. मुलाखत ऑनलाइन होती आणि तिच्यासोबत एक अट होती: 'उमेदवाराने आपल्या खऱ्या कामाच्या जागेतूनच मुलाखत द्यावी. जागा जशी आहे तशी असावी. मुलाखतीसाठी मुद्दाम केलेली मांडणी आढळल्यास अर्ज बाद होईल.'

खारूची खरी कामाची जागा म्हणजे जेवणाच्या टेबलाचे फ्रिजकडचे टोक. जेवायची वेळ झाली की तिचा तुरुंग किंवा न्यायालय उचलून वॉशिंग मशीनवर जाई, आणि ताटे उचलली की परत येई.

"जेवणाच्या टेबलावरून कुणी कलावंत झालाय का?" मामांनी विचारले. "मागं फ्रिज दिसला की संपलं बघ. खरी जागा कशी, बघताक्षणी खरी वाटली पाहिजे."

"पण मामा, ही खरीच आहे की."

"असेल. दिसत नाही ना!"

खारू पहिल्यांदाच रडकुंडीला आली. कार्यशाळेतला तो जिना तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता, आणि तो एका फ्रिजपायी जाणार होता. बाबा इतका वेळ पाण्याचा ग्लास हातात धरून उभे होते. त्यांनी ग्लास ठेवला.

"मी करतो," ते म्हणाले.

खारूने आईकडे पाहिले. आईने ग्लासाकडे पाहिले. 'बघू' सोडले, तर बाबांनी मुलीच्या या शिक्षणासाठी उच्चारलेले हे पहिले क्रियापद होते.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी शोरूम बंद असे, आणि मुलाखत नेमकी त्याच दिवशी होती. 'नवीन डिस्प्लेची चाचणी घेत आहे' असे बाबांनी मालकांना कळवले, जे तसे खोटे नव्हते. मग बापलेक सकाळी शोरूमच्या पोटात शिरले आणि तरुणांसाठी मांडलेल्या एका चकचकीत खोलीची त्यांनी कलावंताची खोली करायला घेतली. पडदे काढले. भिंतीवर कागद चिकटवून, अर्धा ओरबाडून, पोपडे आणले. नव्याकोऱ्या टेबलावर पॉलिश पेपर मारला आणि चहा ओतून वर्षानुवर्षांचे कपांचे डाग पाडले. लोखंडी पलंग आणला, त्यावर विस्कटलेली चादर टाकली. चादर विस्कटायला सर्वांत जास्त वेळ गेला, कारण बाबांचा हात आपोआप तिच्या सुरकुत्या काढत होता.

"बाबा, संध्याकाळ अशी येत नाही," खारू एकदा म्हणाली. "खिडकीतून सरळ येतेय. ती तिरकी यायला हवी, आणि दमलेली."

दुसऱ्या कुणी सूर्याबद्दल तक्रार केली असती तर बाबांनी ऐकून घेतली नसती. पण ते मुकाट्याने स्टुलावर चढले आणि तिने सांगितल्याप्रमाणे ट्यूबलाइट तिरकी केली, तिच्यावर पिवळा कागद लावला. खोली बदलली. त्या खोलीत कुणीतरी बरीच वर्षे काहीतरी करायचा प्रयत्न करत आहे, असे वाटू लागले. बाबा स्टुलावरच थांबले आणि खोलीकडे नव्हे, मुलीकडे बघत राहिले. मग खाली उतरून सवयीप्रमाणे त्यांनी प्रत्येक वस्तूला किमतीची चिठ्ठी लावली. शोरूममध्ये बिनचिठ्ठीची वस्तू उभी राहत नाही, हा त्यांचा स्वतःचा नियम होता, आणि स्वतःचे नियम माणसाला दिसत नाहीत.

मुलाखत सुरू झाली. पडद्यावर तीन चौकोन उमटले. एकात विभागप्रमुख होते. त्यांच्या मागे पुस्तकांनी भरलेले कपाट होते. (आडोशाला उभ्या असलेल्या बाबांनी ती पुस्तके लगेच ओळखली. त्यांच्याच शोरूमची होती. त्यांचा ऊर भरून आला.) दुसऱ्या चौकोनात एक बाई होत्या, त्या काहीच न बोलता टिपून घेत होत्या. तिसऱ्या चौकोनात अंधार होता. तिसरे परीक्षक सर्वांत ज्येष्ठ असल्यामुळे ते कॅमेरा बंद ठेवूनच मत बनवत असत. खारूच्या बाजूला, पडद्यावर दिसणार नाही अशा बेताने आई पांढरी चादर ताणून उभी होती. चादरीवरून उजेड उलटून मुलीच्या चेहऱ्यावर पडावा, अशी ती योजना होती. शोरूममध्ये नेटवर्क मिळेना, म्हणून शटर अर्धे वर ठेवले होते.

सुरुवात उत्तम झाली. खारूने जिन्यांविषयी सांगितले, उजेडाविषयी सांगितले. आईच्या अपयशी जिन्याचे विशेष कौतुक झाले. आणि त्याच वेळी अर्ध्या शटरखालून वाकून एक नवरा-बायको आत आले.

सुट्टीच्या दिवशी शटर अर्धे उघडे दिसले की आत काहीतरी स्वस्तात चालले आहे असे समजणारी माणसे असतात. ही दोघे त्यांतली होती. फिरत फिरत ती कलावंताच्या खोलीपाशी आली. बायको सरळ आत शिरली आणि खारूच्या मागच्या पलंगावर बसली.

"अहो, ही खोली बघा ना. अगदी राहिलेली वाटतेय."

नवऱ्याने टेबलाची चिठ्ठी उलटून पाहिली. "डाग पडलेत की गं याच्यावर."

"डाग आहेत म्हणून तर!"

पडद्यावर विभागप्रमुख पुढे वाकले. "तुमच्या मागे कोण आहेत?"

खारूने मागे पाहिले. घरात ठरलेले सोंग टिकवायचे तर तिने काहीतरी सांगायला हवे होते: काका-काकू, शेजारी, कुणीही. तेवढ्यात पलंगावरच्या बाईने विचारले, "गादी आतून कापसाची आहे का?" आणि हा प्रश्न कानावर पडताच बाबांचा स्वतःवरचा ताबा सुटला. इतक्या वर्षांच्या नोकरीत गादीबद्दलचा प्रश्न त्यांनी कधी अनुत्तरित सोडला नव्हता. ते आडोशातून थेट कॅमेऱ्यासमोर आले.

"दाबून बघा ना, ताई. नुसतं बसू नका, आडवं व्हा."

बाई आडव्या झाल्या.

"हे कोण?" विभागप्रमुखांनी विचारले.

खारू कॅमेऱ्याकडे वळली. "हे माझे बाबा आहेत, सर. आणि ती गिऱ्हाइकं आहेत." मग तिने लॅपटॉप उचलला आणि सावकाश गोल फिरवला. पडद्यावरून दिवाणखाने गेले, स्वयंपाकघरे गेली, प्लास्टिकची सफरचंदे गेली, तीन-तीन भिंतींची सगळी घरे गेली. "ही माझी खरी जागा नाही. हे फर्निचरचं दुकान आहे. ही खोली आज सकाळी मी आणि बाबांनी मांडली. माझी खरी जागा घरी आहे, फ्रिजजवळ. तुम्हाला ती आवडणार नाही असं आम्हाला वाटलं."

अट स्पष्ट होती. मुद्दाम केलेली मांडणी आढळल्यास अर्ज बाद. खारूने लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि ओठ घट्ट मिटून घेतले. बाबांना तिचे ते मिटलेले ओठ दिसले. गिऱ्हाइकाला तसेच सोडून ते पडद्यासमोर येऊन उभे राहिले.

"सर, दोन मिनिटं बोलू का?"

"बोला."

"चूक माझी आहे, हिची नाही. मी अशाच खोल्या मांडत आलोय, ज्यांच्यात कुणी राहत नाही. ही लहान असताना शाळा सुटली की इथं यायची. एकदा बघतो तर त्या पुठ्ठ्याच्या टीव्हीसमोर बसून एकटीच हसतेय. म्हटलं, काय बघतेस? तर म्हणाली, 'बाबा, या घरातली माणसं अजून कामावरून यायचीत, तोवर मी बघतेय.'" बाबांचा आवाज इथे फुटला. त्यांनी तो सावरायचा प्रयत्न केला, जमला नाही. "सर, मला इतक्या वर्षांत कधी वाटलं नाही हो, की त्या घरात माणसं असतील म्हणून. हिला वाटलं. हिला जे दिसतं ते मला दिसत नाही. मी तिला हे कधी सांगितलं नाही. मला तिचा फार अभिमान आहे. हिला घ्या."

बाबा बोलत असतानाच आईने डोळे पुसायला चादरीचे टोक वापरले होते, त्यामुळे चादर खाली आली होती. खारू बाबांकडे बघत होती. दोन वर्षे ज्या वाक्याची वाट पाहिली ते असे अचानक, गादीच्या गिऱ्हाइकासमोर आले होते, आणि आता प्रवेश मिळाला नसता तरी ती बहुधा तक्रार न करती. पण प्रवेश हवा होता.

"धन्यवाद," विभागप्रमुख म्हणाले आणि तिन्ही चौकोन विझले.

नवरा-बायकोने खोली आहे तशी, डागांसकट विकत घेतली. (त्यानंतर मालकांनी या डिस्प्लेची मागणी पाहून तो कायम केला. चहा ओतण्यासाठी आता वेगळा माणूस आहे.)

पुढच्या आठवड्यात विभागप्रमुखांचा फोन आला. घरातले सगळे स्वयंपाकघरात होते. खारूचे हात पिठात होते म्हणून आईने फोन स्पीकरवर टाकला.

"अभिनंदन! तुमची निवड झाली आहे. तिघांचंही एकमत. खरं सांगायचं तर इतकं धाडसी काम आमच्या पदवीधरांनीही कधी केलेलं नाही."

खारू आनंदाने किंचाळायच्या बेतात होती. "कुठलं काम, सर?"

"कुठलं काय! तो शोरूम. आधी आम्हाला वाटलं, खोली खरी आहे. मग कळलं की खोली खोटी आहे, दुकान खरं आहे. आणि मग लक्षात आलं की दुकानही तुम्हीच उभं केलंय! एवढा हुबेहूब शोरूम, तोही मुलाखतीसाठी! ते गादीवरचं जोडपं तर अप्रतिम. काय सहज काम करतात हो!"

"सर, ते दुकान खरं आहे. मी तसं सांगितलं तुम्हाला."

"हेच! शेवटपर्यंत भूमिका सोडायची नाही. आणि वडील बोलायला लागतात तसा उजेड मंद होतो, ते फारच सूक्ष्म. कुणाची कल्पना?"

सगळ्यांनी आईकडे पाहिले. आईने गॅस बारीक केला.

"फक्त एक सूचना आहे," विभागप्रमुख म्हणाले. "वडिलांचं काम करणारे गृहस्थ. गिऱ्हाइकाशी बोलतात तोवर उत्तम. नंतर मात्र भडक झाले. तो पुठ्ठ्याच्या टीव्हीचा प्रसंग रचलेला वाटतो. आणि आवाज फुटणं वगैरे... प्रत्यक्षात असे बाप नसतात. आमच्या ज्येष्ठ परीक्षकांनी तर तिथं आवाजच बंद केला."

"सर, ते माझे खरे बाबा आहेत," खारू ओरडून म्हणाली. "आणि तो प्रसंग..."

बाबांनी हाताने तिला गप्प राहायची खूण केली. अर्ज बाद होण्याची अट त्यांच्या पक्की लक्षात होती. दुकान खरे ठरले तर खोली मुद्दाम मांडलेली ठरत होती, आणि सगळेच खोटे ठरले तर सगळेच कला ठरत होते. तर्क सरळ होता. त्यात एक बाप तेवढा जात होता.

"ते नट आहेत का तिथं?" विभागप्रमुखांनी विचारले.

बाबा फोनजवळ आले. त्यांनी घसा साफ केला.

"आहे, सर," ते म्हणाले. "तुमचं म्हणणं बरोबर आहे. पुढच्या वेळी जरा कमी करीन."

खारूला निरोप द्यायला आईबाबा बसस्टँडवर गेले. बॅग वर चढवण्याआधी बाबांनी तिची चेन ओढून पाहिली. "पक्की आहे," ते म्हणाले. खारू दारात उभी राहून वाट पाहत होती. बाबांच्या तोंडाशी काहीतरी आले होते, हे आईला बाजूने स्पष्ट दिसले. त्यांनी ते गिळले, चेहरा सरळ केला आणि हात खिशात घातले. बस गेली. आजूबाजूच्या लोकांना ते अगदी खरे बाप वाटले.

"बोलला का नाहीत काही?" आईने विचारले.

"कमी करायला सांगितलंय ना," बाबा म्हणाले.

तिथून ते थेट शोरूमवर गेले. दुपारी गिऱ्हाईक नव्हते. एका सेल्समनने पाहिले, तर साहेब दिवाणखान्यात पुठ्ठ्याच्या टीव्हीसमोर बसले होते. "काय बघताय, साहेब?" त्याने विचारले.

"या घरातली माणसं यायचीत अजून," बाबा म्हणाले. "तोवर बघतोय." (हे वाक्य भडक आहे, याची नोंद घेण्यात आली आहे.)

आता आपला विचार करू. दुकान बंद करताना सूर्य मावळवणारा मॅनेजर आपल्याला चटकन पटला. मुलाखतीच्या ऐन वेळी गादीवर येऊन आडवी झालेली बाई आपण हसत हसत मान्य केली. बापाचा आवाज फुटला त्या ओळीवर मात्र आपल्या मनात काय आले, ते जरा आठवून पाहा. जे आले असेल त्याबद्दल संकोच बाळगण्याचे कारण नाही. विद्यापीठातले ज्येष्ठ परीक्षक लवकरच निवृत्त होत असून त्यांच्या जागेसाठी अर्ज मागवले आहेत. अनुभवाची अट नाही. कॅमेरा बंद ठेवला तरी चालतो.